पाण्याच्या टाकीचा चढ आणि तुझी गाडी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग अक्षरशः घ्यावा. पत्राला बसण्यापूर्वी तासभर मी तुझ्या गाडीखाली आडवा होतो आणि आठही अंगांना काळं तेल लागलं आहे. आईने खाली वर्तमानपत्र अंथरलं, मगच खुर्चीवर बसू दिलं.) तुझी पाठ दुखायची ती थांबली का? जेवणाच्या वेळा पाळतोस का? यातला दुसरा प्रश्न बाबांचा आहे, पण तो त्यांनी माझा म्हणून लिहायला सांगितला आहे, तेव्हा उत्तरही मलाच दे. इकडे सर्व कुशल आहे. आईचा गुडघा, हिचं शिवणाचं मशीन, माझं चष्म्यांचं दुकान, सगळं व्यवस्थित चालू आहे. चालत नाही ती फक्त तुझी गाडी.

फोन न करता पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. मी फोनवर तुझ्याशी बोलू लागलो की बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतात. 'गाडी' हा शब्द निघाला की त्यांचं घोरणं मध्येच थांबतं, विषय बदलला की पुन्हा सुरू होतं. अशा माणसासमोर काय बोलणार? म्हणून लिहितो.

तर मुद्दा असा. जाताना तू किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतास, की बाकी काय हवं ते कर, पण हिचा जोर जाऊ देऊ नकोस. दादा, जोर गेला. दीड महिना झाला. पाण्याच्या टाकीच्या चढावर जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पाठीत धपाटा बसल्यासारखी पुढे उडी मारायची, ती आता त्याच चढावर धापा टाकते. तू बसवलेल्या दाबाच्या मीटरचा काटा पूर्वी सरळ एकावर जाऊन टेकायचा, तो हल्ली अर्ध्यावरून परत फिरतो, घरी काहीतरी विसरून आल्यासारखा. मागून काळा धूर निघतो, तो वेगळाच. मागच्या मंगळवारी तर शाळेच्या बसने मला मागे टाकलं आणि बसमधल्या एकूण एक पोरांनी मागच्या काचेला नाक लावून माझ्याकडे पाहिलं. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे त्यांना सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

गाडी आधी मी प्रोफेसरकडे नेली. (हे आपल्या कोपऱ्यावरचे मेकॅनिक. तू गेल्यावर आले. हातात पाना कमी आणि तोंडात व्याख्यान जास्त, म्हणून हे नाव; त्यांनाही ते आवडतं.) त्यांनी पहिल्या आठवड्यात प्लग बदलले, दुसऱ्या आठवड्यात हवेचा फिल्टर बदलला, तिसऱ्या आठवड्यात हवा मोजणारा सेन्सर पुसून परत बसवला आणि चौथ्या आठवड्यात हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाले, की मन घट्ट करा, टर्बोच, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखाच, गेला असावा. दादा, मला घाम फुटला. तू तो टर्बो कसा जमवलास, किती रविवार त्या अंगणात उकिडवा बसून बसवलास, ते मी पाहिलं आहे. (टॉर्च मीच धरला होता आणि नेहमी चुकीच्या जागी धरला होता.) तुला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्या दिवशी दुकानात मी एका आजोबांना त्यांच्या आजींचा चष्मा दिला. ते खूश होऊन गेले, तो भाग निराळा.

पण हार मानली नाही. इंटरनेटवर वाचलं, की जोर जाण्याचं कारण पुष्कळदा टर्बो नसतोच. टर्बोपासून इंजिनपर्यंत जे पाइप जातात त्यात कुठेतरी भेग पडलेली असते आणि दाबलेली हवा वाटेतच निसटते. उपाय असा, की हवा आत जायचं तोंड बूच मारून बंद करायचं, पंपाने आत हवा भरायची, सगळीकडे साबणाचं पाणी शिंपडायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. वाचायला किती सोपं. बूच म्हणून मी आईच्या प्लॅस्टिकच्या बरणीचं झाकण घेतलं, त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि पायाने पंप मारू लागलो. आठव्या की नवव्या दमाला झाकण सुटलं, ते शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरलं. काकूंनी ते परत आणून दिलं आणि चादर अशी आपटून झटकली, की तिच्या जागी त्यांना मी दिसत होतो हे स्पष्ट होतं. दुसऱ्या खेपेला क्लिप घट्ट आवळली. झाकण टिकलं, पण मी साबण इतका ओतला होता की सगळ्या इंजिनाला फेस आला. बुडबुडे जिकडे तिकडे. भेग एक असेल नाहीतर चाळीस असतील. ही खिडकीतून म्हणाली, की एवढ्या साबणात घरातले सगळे पडदे धुऊन निघाले असते.

आता खरं ऐक. बाबा अंगणातच होते. तू गेल्यापासून तीन वर्षं ते खुर्ची गाडीकडे पाठ करून टाकतात, ऊन तोंडावर आलं तरी तशीच टाकतात. तुमचं ते भांडण मी उगाळत नाही. (थोडंसं उगाळतो.) तू पहिल्यांदा गाडी चालवून आणलीस, ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्याबरोबर ती झडप 'फुस्स' वाजली आणि बाबा भर गल्लीत म्हणाले, की तुझं काम गळतंय. तू समजावलंस, की ही गळती नव्हे, पाय काढल्यावर अडकलेला दाब बाहेर सोडायलाच ही झडप असते. पण ज्या माणसाने पाणीपुरवठ्यात चाळीस वर्षं रस्त्याखालच्या गळत्या कानाने शोधल्या, त्याला मुद्दाम ठेवलेली फट पटायची कशी? तू म्हणालास, तुम्हाला यातलं कळत नाही. पंधरा दिवसांत तू बाहेरगावची नोकरी धरलीस, आणि तेव्हापासून तुमच्या दोघांमधली पाइपलाइन मी आहे.

तर त्या दिवशी माझा फेस बघून (पाठ असूनही त्यांना दिसतं) बाबा उठले. आत गेले. दाराच्या मागे टांगलेली त्यांची ती लोखंडी सळई घेऊन आले, जी जमिनीला लावून ते गळती ऐकायचे. मला म्हणाले, पंप मार आणि बडबड करू नकोस. सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाशी, डोळे मिटलेले. एक जोड, दुसरा जोड, तिसरा. मी पंप मारतोय, गुडघे बोलायला लागले, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. किती तरी दिवसांनी ते इतके तरुण दिसत होते. मग बंपरमागे हवा गार करणारी जी जाळी आहे, तिच्याखालच्या वळणावर सळई थांबली आणि ते म्हणाले, "इथे." हात घातला तर सिलिकॉनच्या पाइपाला पोटाच्या बाजूने बोटभर भेग. गाडी उभी असताना मिटलेली, दाब आला की उघडणारी. म्हणूनच ती प्रोफेसरना दिसली नव्हती. टर्बो ठणठणीत आहे दादा, मी बोटाने पंखा फिरवून पाहिला.

आनंदाच्या भरात मी कपड्याने सगळं पुसायला घेतलं आणि फेसाखालून तुझी झडप वर आली. तिच्यावर सूत गुंडाळलेलं, वरून नळाचे जोड बुजवायला लावतात तो सफेदा थापलेला. दगडासारखा वाळलेला. नखाने खरवडून पाहिला, ढिम्म हलला नाही. सूत असं एकसारखं, शेवटचं टोक आत खोचून गुंडाळणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. (दीड महिन्यापूर्वी ते फुस्स थांबलं तेव्हा मला वाटलं होतं, की माझं चालवणं सुधारलं. हे मी हिला बढाई मारून सांगितलंही होतं.) मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सळई पुसली, पुन्हा पुसली. झडप बंद झाल्यामुळे पाय काढल्यावर दाब जाणार कुठे, तो पाइप फाडून बाहेर पडला, हे एव्हाना त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांना दाब शिकवायची गरज नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "थोरल्याचं काम गळतंय असं कुणी म्हणू नये. म्हणून लावला."

मला रागवायचं होतं. जमलं नाही. आमच्या डोळ्यांत साबण गेला होता, दोघांच्याही.

असो. तर तू त्या वळणाचा नवा पाइप पाठव. माप बाबांनी घेतलं आहे, सोबतच्या कागदावर आहे. सुतासुताचं आहे, चुकायचं नाही. आईचे आशीर्वाद, हिचा नमस्कार. उत्तराची वाट बघतो.

तुझा,
टॉर्च धरणारा

ता. क. – पाइपाची तशी घाई नाही. पत्र लिहून झालं तोवर बाबांनी फाटलेला तुकडा कापून मध्ये तांब्याची नळी घातली आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. टाकीच्या चढावर एक चक्कर मारली. काटा एकावर. शाळेच्या बसला मी मागे टाकलं आणि हात हलवला. बाबा शेजारी बसले होते, त्यांनीही हलवला.

ता. क. दुसरा – तेव्हा पाइप पाठवू नकोस. पण झडप अजून तशीच बंद आहे. प्रोफेसर म्हणतात, ती उघडली नाही तर दुसरा पाइप फाटेल, म्हणून आता बैलगाडीसारखी चालवतो. बाबांना छिन्नी घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. ते म्हणतात, ज्याने बसवली त्यानेच उघडायची, खात्याचा नियम आहे. असा नियम खात्यात नव्हता हे आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. तू ये.

ता. क. तिसरा – बाबांनी पत्र वाचायला मागितलं. नाही म्हणता आलं नाही. खाली पेन्सिलीने त्यांनी लिहिलं आहे, मी त्यात काना-मात्राही बदललेली नाही:

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद. सफेदा अजून ओला आहे. वाळायच्या आत ये. आवाज झाला तरी चालेल.