दिलेल्या अकरा तारखा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर अडतीस वर्षे उभी राहिलेली बाई, माझ्यामागे कुणाला काय जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि तेवढ्याने ज्याला पटत नसेल त्याने मला कुठल्याही ट्रम्पेटवाल्याची जन्मतारीख विचारून बघावी. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायला आले होते, ते चहा पिऊन गेले.

१. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे धाकट्या भावाच्या नावे होते. तो सहा वर्षांपूर्वी माझ्याआधी गेला, म्हणजे रांगेत पुढे घुसायची सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. ते मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी त्याला 'गुणी' म्हटले आहे, तो शब्द विशेषकरून रद्द समजावा.

२. तिसऱ्या मजल्यावरच्या, औषधाच्या दुकानावरच्या राहत्या दोन खोल्या भाच्याला द्याव्यात. भाचा म्हणजे त्याच भावाचा मुलगा. मला रक्ताचे दुसरे कुणी नाही, आणि पोरगा वाईट नाही. बापाचा आवाज मिळाला आहे आणि बापासारखेच त्या आवाजावर भागवतो, एवढेच. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, उजवीकडे नाही. हे मी त्याला चौदा वेळा सांगितले आहे. ही पंधरावी, आणि आता लेखी.

३. बँकेतल्या ठेवीतून मला पोहोचवण्याचा खर्च करावा. उरेल ते समोरच्या बिऱ्हाडातल्या शेजारीणबाईंना द्यावे. गुडघे गेल्यापासून त्या माझे सामान वर आणून देतात, आणि माझे कसे चालले आहे हे विचारताना त्यांची नजर कधी कपाटाकडे गेली नाही. मला नेताना भाषणे नकोत. रेडिओवरचे कुणी आलेच तर त्यांना खुर्ची द्यावी, बोलू देऊ नये. रेकॉर्ड लावू नये. लोक हटकून चुकीची बाजू लावतात आणि वर माना डोलावतात.

४. माझ्या सगळ्या रेकॉर्डी सार्वजनिक वाचनालयाला. तिथल्या ग्रंथपालबाई हात धुऊन रेकॉर्ड उचलतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओरखडे असलेल्या रेकॉर्डींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. ओरखडा कुणी पाडला तेही लिहिले आहे. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'भाऊ' एवढेच आहे.

५. आता त्या भावाबद्दल. तो रेडिओवर निवेदक होता. रोज सकाळी सव्वासातला संगीतकारांच्या वाढदिवसांचा पाच मिनिटांचा कार्यक्रम त्याने एकतीस वर्षे वाचला. जॅझवाले, ब्लूजवाले, नाचाच्या हॉलात आणि सिनेमात गाणारे, कोण आजच्या तारखेला जन्मले, काय वाजवले, आणि शेवटी, रेकॉर्ड असली तर, तिचा एक तुकडा. लोक दाढी करता करता ऐकत. रस्त्यात त्याला थांबवून म्हणत, काय तुमची स्मरणशक्ती.

ती स्मरणशक्ती रोज दुपारी दुकानातल्या काउंटरखाली बसून मी लिहीत होते. माझी शाळा सातवीत सुटली. परदेशी पाकिटांवरची भाषा मी पाकिटांवरच शिकले, म्हणून मला त्या भाषेत 'सुई' आणि 'बाजू' आधी आले आणि 'आपण कसे आहात' नंतर. कंपन्यांना पत्रे घातली, बँडच्या मॅनेजरांना घातली, एका पियानोवाल्याच्या विधवेलाही घातले. गाणारी माणसे जन्मतारखेच्या बाबतीत एकजात लबाड. गायिका दर रेकॉर्डीगणिक दोन वर्षांनी लहान होतात. एका ब्लूजवाल्याला तीन जन्मतारखा होत्या, पाकिटावर एक, पासपोर्टवर दुसरी, आईने सांगितलेली तिसरी. मी आईची धरली, ती तिथे हजर होती. तीन ठिकाणी पडताळल्याशिवाय मी शाईने लिहीत नसे. ऐकीव ते पेन्सिलीने. आणि माणूस गेला की कार्डाच्या मागच्या बाजूला गेल्याची तारीख.

भाऊ लोकांना सांगे, "ताई टाइप करून देते." मला टायपिंग येत नाही.

एकतीस वर्षांत त्याने एकही कार्ड उलटून पाहिले नाही. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या एका सॅक्सोफोनवाल्याला त्याने एका सकाळी दीर्घायुष्य चिंतले, आणि आवाज ओला करून 'यंदा एकदा आमच्या शहरात या' असे बोलावणेही केले. पत्रांचा ढीग आला. रेडिओच्या साहेबांनी विचारले तेव्हा हा म्हणाला, ताईच्या हातून राहून गेलं, वय झालंय तिचं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. संध्याकाळी हा दुकानात आला.

"ताई, मागे लिहिलंस तर मला कसं कळणार?"

"उलटून."

"माईकसमोर कोण उलटत बसतं?"

"मग घरी उलटायचं. चहा पिताना दुसरा हात काय करत असतो तुझा?"

"तुझा स्वभावच तिरकस," म्हणाला, आणि उद्याची कार्डे खिशात घालून गेला. बाकी सगळ्याची त्याला माफी आहे. ही एक गोष्ट मी बरोबर नेते.

६. कार्डांची पेटी. लाकडी, बारा कप्प्यांची, एकोणीसशे चार कार्डे. हीच काय ती माझी खरी इस्टेट, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी सतरा दिवस कोरे राहिले. त्या तारखांना जन्मलेले माझ्याजवळ कुणीच नव्हते. भाऊ म्हणाला, त्या दिवशी मी काय वाचू, हवामान? तेव्हा स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी एक बँड वाजवायचा. मी सुट्टी काढून गेले आणि एकेकाला जन्मतारीख विचारली. तिघांनी धड सांगितली. उरलेल्या अकरा जणांनी एकच तारीख सांगितली. जन्म घरी झालेला, नोंद कुठेच नाही, आणि शाळेत घालताना मास्तरांनी शाळा उघडायच्या सुमाराची एकच तारीख सगळ्यांना ठोकून दिलेली. अकरा माणसे एका दिवशी जन्मून माझे भागणार नव्हते. मग मी प्रत्येकाला विचारले, आई काय म्हणायची, ऊन होतं की थंडी, पीक उभं होतं की कापून झालं होतं, आणि त्याला सर्वांत जवळचा कोरा दिवस दिला. कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिले, 'दिलेली'. लपवाछपवी केली नाही. राहिलेले सहा दिवस पुढे पत्रांनी भरले.

ड्रमवाल्याने एक्केचाळिसाव्या वर्षी जन्मात पहिला केक कापला, ड्रमच्या काडीने. पियानोवाला म्हणाला, "बाई, दुसरा दिवस नाही का? त्या दिवशी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय." दिला नाही. गाल सुजवून त्याने वाढदिवस केला. बासवाल्यांना तेरा डिसेंबर आला. त्या सकाळी त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईने रेडिओवर मुलाचे नाव ऐकले आणि म्हणाली, बरोबर आहे, त्या दिवशी दूधवाला आला नव्हता. त्यानंतर दर तेरा डिसेंबरला बासवाले इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या काउंटरवर यायचे, काही विकत न घेता दहा मिनिटे उभे राहायचे आणि जायचे. अकरांपैकी आता ते एकटेच आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, निदान आम्ही तसे धरले आहे.

७. मागच्या महिन्यात भाचा पुस्तकाचे कव्हर घेऊन आला. वाढदिवसांच्या कार्यक्रमाचे पुस्तक निघते आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान. कव्हरवर माझा भाऊ, मायक्रोफोनसमोर, हनुवटी वर. खाली 'संकलन' आणि त्याचे नाव. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"तुझ्या बाबांनी काय संकलित केलं रे? खोकल्याच्या गोळ्या?"

"आत्या, लोकांना तो आवाज आठवतो."

"मग आवाज छाप. कार्डं कशाला मागतोस?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि ती अकरा काढावी लागतील. तूच लिहिलंयस 'दिलेली'. प्रकाशकांना खोट्या तारखा नकोत."

"त्या ब्लूजवाल्याच्या तीन तारखांपैकी दोन खोट्या आहेत. तो चालतो?"

"तो प्रसिद्ध आहे, आत्या."

"असं. म्हणजे प्रसिद्ध माणसाने कधीही जन्मावं. हॉटेलात वाजवणाऱ्याने कागद दाखवून जन्मावं."

"एक रेकॉर्ड नाही गं त्यांची. कोण ओळखतं त्यांना?"

त्या बँडची रेकॉर्ड काढायला कंपनीचा माणूस एकदा हॉटेलात आला होता. ड्रमवाल्याचा केक खाल्ला, बँडमधल्या गायिकेचा पत्ता घेतला आणि गेला. हे मी भाच्याला सांगितले नाही. प्रकाशकही त्याच जातीचा, एवढे मनात म्हटले.

बासवाल्यांना मात्र सांगावे लागले. ते म्हणाले, "मला काढलं तरी चालेल, ताई. तारीख तुमची होती. दिलीत, आता परत घ्या." मग जिना उतरायच्या आधी कठड्याला धरून थांबले. "फक्त नातवंडांना काय सांगू, तेवढं सांगून ठेवा."

दिलेली वस्तू मी आजवर कुणाकडून परत मागितलेली नाही. भावाला दिलेली छत्रीसुद्धा.

८. म्हणून पेटी भाच्याला द्यावी, पण दोन अटींवर. (अ) अकरा जण आपापल्या दिवशी, इतरांएवढ्याच अक्षरात, 'दिलेली' या शब्दासह छापले जावेत. शेवटी एका पानावर गठ्ठा करून नव्हे. मास्तरांनी तो एकदा केला, तेवढा पुरे. (आ) कव्हरवर 'संकलन' या शब्दापुढे माझे नाव यावे आणि भावाच्या नावापुढे 'वाचन'. त्याने तेच केले. दोन्हींपैकी एक अट मोडली तरी पेटी बासवाल्यांना जावी, आणि पुस्तक भाच्याने आवाजावर काढावे.

पुरवणी. वरील मजकुराची प्रत मी भाच्याला वाचायला दिली होती. आठ दिवसांनी तो आला. चहाला नको म्हणाला, तेव्हाच मला कळले की वाचून आला आहे.

"अकरा घेतो," म्हणाला. "प्रकाशकांशी भांडलो. आपापल्या दिवशी, 'दिलेली'सकट. हे बघ, त्यांचं पत्र."

पत्र मी दोनदा वाचले. मागची बाजूही पाहिली. कोरी होती.

"आणि कव्हर?"

"कव्हर आईने पाहिलंय, आत्या. उशाशी ठेवलंय. येईल त्याला दाखवते, हे आमचे, सगळं यांनी जमवलं म्हणून. मला कधी ओळखते, कधी नाही. कव्हरवर बाबांना रोज ओळखते."

भावजयीचे आणि माझे कधी जमले नाही. माझ्या कार्डांना ती चिठोऱ्या म्हणायची, आणि माझ्यासमोर म्हणायची. तिला नवरा होता त्याहून मोठा वाटत आला, यात तिचाही दोष आहे. पण तिला काहीच उरलेले नाही आणि मला अजून एकोणीसशे चार जणांच्या तारखा पाठ आहेत. तिच्या उशाशी जाऊन तो कागद ओढून घ्यायला मी कुणाला पाठवू? भाचा गेला नसता. गेला असता तर तो मला आवडला नसता.

सबब कलम ८ मधील अट (आ) मी आपणहून, कुणी न सांगता, रद्द करते. भावाचे नाव 'संकलन' म्हणून राहू द्यावे. याला त्याचा सत्कार समजू नये. अट (अ) कायम आहे. अकरातले एक कार्ड जरी गळले, पुढच्या कुठल्या आवृत्तीत जरी, तरी पेटी बासवाल्यांची आणि त्यांच्यानंतर वाचनालयाची.

बासवाल्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकिलीणबाई म्हणाल्या, ज्याला आत काही मिळू शकते त्याने साक्षीला बसायचे नसते. म्हणून ते आज नुसतेच शेजारी बसले आहेत. मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी अकरांचे कलम पुन्हा वाचायला लावले, आणि मग विचारले, "पण ताई, तुमचं नाव कुठेच नाही आलं."

"माझी तारीख मला माहीत आहे," मी म्हटले. "मला ती पुस्तकात शोधावी लागत नाही."

वरचे सर्व मी लिहिले, मला समजले, आणि त्यातला एकही शब्द पेन्सिलीने नाही. सही मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत केली आणि त्यांनी माझ्या देखत.

सही: काउंटरवरच्या ताई

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे औषधवाले. दुकान उघडे टाकून आले आहेत, म्हणून सही घाईची आहे, पण त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरा: वकिलीणबाईंचे कारकून. मजकूर वाचायची गरज नाही असे सांगूनही त्यांनी सगळा वाचला.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: १७ नोव्हेंबर २०१९