मापं बाहेर गेली

५ तारीख, सोमवार
दुकानाचा फोन आज माझ्या हाती. सून म्हणाली, आई, राहू द्या, मी पाठवते. म्हटलं, जन्मभर कात्री चालवली, एक बोट चालवायला काय होतंय! गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर 'उद्या दुकान बंद' एवढंच टाकायचं होतं. गेली सगळ्यांच्या मापांची फाईल. त्यात माझे शेरे: 'ही पोट आत ओढते, दोन इंच जास्त धरणे.' 'शाळेच्या बाई: ऑपरेशनमुळे डावीकडे आतून पॅड. कुणाला कळू न देणे.'
लगेच पुसली. कोण बघतंय!

६, मंगळवार
सून म्हणते, फक्त आपल्या फोनवरून पुसलीत, बाकीच्यांकडे तशीच आहे. वर कायदा सांगते: माहिती फुटली की धंदेवाल्यानं ज्याची त्याला ताबडतोब कळवायचं. काय गेलं, कसं गेलं, सगळं. म्हटलं, कायदा बँकांना, शिवणाऱ्या बाईला कसला? तर म्हणे, माप कुणाचं असतं, आई? तोंडाला तोंड देते.
उद्या उठल्याउठल्या शाळेच्या बाईंना सांगणार. नक्की.

७, बुधवार
बटणं लावायची होती. राहिलं. आणि सांगून त्या माउलीच्या जिवाला घोर कशाला? झाकली मूठ बरी.
पोटवाली आली. म्हणाली, आजी, बघा, आज पोट सोडून उभी आहे! हसली. लोक मनाला लावून घेत नाहीत. शिवायला टाकलेलं कापड परत घेऊन गेली, पण ते घाईत असेल म्हणून.

८, गुरुवार
सुनेनं मेसेज लिहून दिला: 'नमस्कार. आमच्या चुकीमुळे तुमची खाजगी माहिती ग्रुपवर गेली. माफ करा.' 'आमच्या' काढून 'फोनच्या' केलं. 'माफ करा' काढलं, चोरी थोडीच केलीय? 'तुमची खाजगी माहिती ग्रुपवर गेली' वाचून लोक घाबरतील, तेही काढलं. उरलं: 'नमस्कार. फोनच्या चुकीमुळे.'
पाठवला नाही.

१०, शनिवार
सून म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू? गेले बाईंच्या घरी, ही मागे. एका दमात सांगून टाकलं. बाईंनी आधी पाणी दिलं. म्हणाल्या, शाळेत मंगळवारीच कळलं सगळ्यांना. आता वह्यांचा गठ्ठा कुणी उचलू देत नाही, आणि बोलताना सगळ्यांची नजर एकाच जागी.
मग एवढंच विचारलं, आजी, तुमच्या कधी लक्षात आलं?
म्हटलं, कालच.
सून फरशीकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, बरं.