कुंपणाजवळचा लसूण

बुधवार, सांज

डोकं फिरलं आहे. कुंपणाला टेकून रचलेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग हलवा म्हणून शेजारच्या भाऊजीले किती सांगितलं! त्यात उंदीर, उंदरांमागं साप, अन् साप माह्या वांग्यांत. तर म्हणे, "वहिनी, लसूण लावा, साप फिरकत नाही." वेडी मीच. लावला. ठेचून पाणी भी शिंपडलं. आज त्याच लसणाच्या वाफ्यात सापाची कात सापडली, अन् बाजूलेच पोरगी वांगे तोडून राह्यली होती.

कात नेऊन दाखवली. हसले. "मग अजून लसूण लावा."

दुपारभर मीच तो ढीग ओढला. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली रचला, वर लसणाची जुडी ठेवली.

आता कायले ओरडून राह्यले? लसूण आहे ना!