काळी घेऊ की नवी

उजुंगबरुंग, बांदुंग
२३ रमजान

प्रिय कांग नांदांग,

अस्सलाम वालेकुम. इकडे सगळं ठीक. बातामला तुम्ही चौघं खुशाल असाल. सोबतच्या खोक्यात एमाने गुळाचं दोदोल आणि तांदळाच्या कुरकुरीत रंगिनांग घातल्या आहेत. रंगिनांग वरच ठेव, नाहीतर भुगा होईल, असं तिने तीनदा बजावलं आणि तुला कळवायला सांगितलं. कळवलं. तिचा गुडघा आहे तसाच. नमाज खुर्चीवर बसून पढते आणि कुणी खुर्चीची चौकशी केली की रागावते. आपली आईच ती.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. थोरल्या भावाचा एक सल्ला हवा होता. ईदनंतर बँडचं रेकॉर्डिंग ठरलंय आणि गिटार कुठली घ्यावी ते काही ठरत नाही. आजवर उसन्या गिटारीवर भागवलं. आबाह उयुनच्या गिटारींच्या दुकानात एक नवी आलीय. लांब मानेची, तारा अडकवायचा ब्रिज पक्का ठोकलेला. तारा कितीही जाड लाव, सूर कितीही खाली उतरव, ढिम्म हलत नाही. डिस्टॉर्शन चढवलं की दुकानाची काच थरथरते. पण नुसती गुरगुरते, तिला गळा नाही.

दुसरी म्हणजे तुझी काळी. तिचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगता. ब्रिजचा दांडा दाबला की सहाही तारांचा सूर एकदम खाली झोकतो आणि ती किंकाळी निघते. तशी अख्ख्या उजुंगबरुंगात तुझ्याशिवाय कुणाला काढता आली नाही. ड्रमवर अजून आपला टेटेनच आहे, फक्त पोट सुटलंय. तो म्हणतो, घरात वाघीण बांधून ठेवलीस आणि बाजारात म्हशी बघत फिरतोस. एमाही म्हणते, भावाची गिटार धूळ खातेय, तीच वाजव. त्यांना काय सांगू? आठ वर्षांत मी तिला हात लावलेला नाही.

म्हणजे, मागच्या आठवड्यात लावला. आबाह उयुनकडे तपासायला नेली. त्यांनी पाठीचं झाकण काढलं, स्प्रिंगा पाहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"स्प्रिंगा धरणाऱ्या स्क्रूच्या भोकात ही आगकाडी कुणी कोंबली?"

"काय माहीत," मी म्हणालो. रोजा होता, तरी खोटं बोललो.

"ज्याने कोंबली त्याला अक्कल नाही. लाकूड झिजलं की काडीने स्क्रू बसल्यासारखा वाटतो, बसत नाही. दोन गाण्यांत सरकणार. आणि तो सरकला की सहाही तारा उतरतात. मग वाजवणाऱ्याला देवाने कसलाही कान दिलेला असो."

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवलं होतं. रोजा सोडला, जेवलो, भांडीसुद्धा घासली. एमाला वाटलं मी आजारी आहे.

कांग, सल्ला नको होता मला.

आठ वर्षांपूर्वीचा मैदानावरचा तो कार्यक्रम तू विसरला नसशील. दुसऱ्या गाण्यात तू दांडा दाबलास, सोडलास, आणि तारा सुरात परत आल्याच नाहीत. डोकी घुसळणारी पोरं थांबली, हाताची घडी घालून उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "जा, माजलायाच्या गिरणीत जाऊन माग चालव." तू मशीन न वापरता कानाने सूर लावायचास, त्याचाच तुला अभिमान होता. खाली उतरून तू मला एवढंच म्हणालास, "सहा वर्षांत गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने माझा कान खाल्ला रे. आता तूच वाजव." गिटार माझ्या हातात दिलीस, आणि मी ती घेतली.

आदल्या दिवशी तू गिरणीत पाळीवर होतास. मी न विचारता काळीला जाड तारा चढवल्या. मला अजून खालचा सूर हवा होता. ब्रिज वर उचलला गेला म्हणून मागचे स्क्रू पिळत बसलो आणि एक लाकडातून सुटला. घाबरलो. काडी कोंबली, तुझ्या बारीक तारा परत लावल्या आणि गिटार जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तू सूर बरोबरच लावला होतास. तुझ्या कानाला काही झालं नव्हतं.

कार्यक्रमाच्या रात्री, उद्या सांगू, असं ठरवलं होतं. उद्या उजाडला तर टेटेन दारात, तुझी जागा घेतोस का विचारायला. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि ती जागा मला कधीपासून हवी होती. हे लिहायला काडीपेक्षाही जड गेलं.

दर ईदला रिवाजाप्रमाणे मी फोनवर म्हणतो, बाहेरचं-आतलं सगळं माफ कर. तू म्हणतोस, तूही कर. मग आपण एमाच्या रस्स्याबद्दल बोलतो. सगळी पापं एका गाठोड्यात बांधून द्यायची, म्हणजे सोडून दाखवायला नको. हे मी आठ वेळा केलं. यंदा मी फोन करणार नाही. या एकाच गोष्टीची माफी मागतोय, आणि तू नाही दिलीस तरी ते मला समजेल.

नवी घेतली. मला गुरगुरणंच शोभतं. काळीच्या भोकात आबाह उयुननी सागाची खुंटी ठोकलीय, तुझ्या मापाच्या तारा लावल्यात. सूर मात्र लावू दिला नाही मी त्यांना. तो तू येऊन कानाने लाव.

दोदोलच्या खाली कागदाची एक पुडी आहे. तिच्यात ती काडी आहे.

तुझ्या जागेवर उभा असलेला,
गुमिलार