फडक्याचं टोक

खोडाळा, ता. मोखाडा
८ एप्रिल २००२

चि. नितीनला ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. आई रोज मोह वेचायला जाते आणि कंबर धरून परत येते, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठते. गेल्या आठवड्यातल्या गारांनी फुलं चिखलात गेली, बाळकैऱ्यांचा सडा पडला. माझी शाळा सकाळची झाली. तुझं कायम होण्याचं कुठवर आलं? जूनपर्यंत एकही खाडा करायचा नाही असं साहेबाने बजावलंय, हे तू लिहिलेलं बाबा येईल त्याला सांगत असतो.

एरवी पत्र पाकिटात घालण्याआधी मी बाबाला वाचून दाखवते. हे दाखवणार नाही. का ते नंतर, आधी चालण्याची हकीकत ऐक.

मुंबईचा तो डोंगरात चालणाऱ्यांचा क्लब यंदाही आला होता. खोडाळ्याहून निघायचं, मोखाड्याला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जव्हारच्या शिरपामाळावर पोचायचं, तेही गाडीरस्ता सोडून. जो पुरं चालेल त्याला बिल्ला. आपण लहानपणी मोखाड्याच्या बाजाराला पायी जायचो तेव्हा कोणी बिल्ला दिला नाही! वाटाड्या नेहमीप्रमाणे बाबा. या वेळी बायका बऱ्याच होत्या म्हणून त्यांच्या सोबतीला मलाही बोलावलं.

पहिल्या दिवशी रणरणतं ऊन होतं. बाबा सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या शेवटी. त्याने वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. एका बाईंनी विचारलं तर म्हणाला, पायाला वाट कळते. बाई एकदम खूश. मी मात्र बुचकळ्यात पडले, कारण वहाणा तू दिवाळीला आणलेल्या, त्या तो झोपतानाच काय ते काढतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. पाठोपाठ गारा. एका कातळाच्या आडोशाला आम्ही सगळे पाठीवरच्या पिशव्या डोक्यावर धरून बसलो. शहरातली दोन पोरं आधी गारा वेचून खात होती, मग तीही गप्प झाली. गारा थांबल्या, पण पाऊस काही थांबेना आणि ढग खाली उतरले. अंधार पडायच्या आत समोरची घळ उतरणं भाग होतं. बाबा उठला आणि त्याने मला हाक मारली, मग पुन्हा मारली.

मी त्याच्या समोरच उभी होते, नित्या. हातभर अंतरावर. आणि तो माझ्या पलीकडे बघत हाका मारत होता.

मी त्याचा हात धरला. त्याने डोक्याचा फडका सोडला, कमरेला घट्ट बांधला आणि मागचं टोक माझ्या हातात दिलं. हळूच म्हणाला, "तुला वाट येत नाय, मला दिसत नाय. सोंगाला धरतात तसं धर."

बोहाड्यात आपल्या घरचं भीमाचं सोंग नाचवताना त्या मुखवट्यातून त्याला काय दिसायचं? आपल्याच पायाचा अंगठा. मागून तू शेला ओढशील तिकडे तो वळायचा. मी किती हट्ट करायचे, पण पोरीच्या जातीला कोण शेला धरू देतो? त्या दिवशी धरू दिला.

मी हलक्या आवाजात सांगायचे, डाव्या हाताला मोठा उंबर आहे, पुढे पाणी वाहतंय. मग तो म्हणायचा, उंबर सोड, पाण्याच्या वरच्या अंगाने चल. असं करत घळ उतरलो. मागून कोणीतरी हसून म्हणालं, पोरगी घाबरली, बापाला सोडत नाही. घाबरले होतेच. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा भयंकर राग आला होता. एवढी माणसं त्याच्या भरवशावर चालत होती. एकाचा जरी पाय घसरला असता तर?

कोणाचा घसरला नाही. शिरपामाळावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. क्लबवाल्यांनी बाबाला शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या. नारळ घ्यायला त्याने हात पुढे केला तो भलतीकडेच. माणसं समजली, भारावलाय. मग त्यांनी विचारलं, श्रावणातही याल ना वाट दाखवायला? आणि हा भला माणूस हो म्हणाला.

घरी आल्यावर मी आईला खोदून विचारलं. तिला शिमग्याआधीपासून माहीत. डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. ठाण्याला नेऊन काढा, दिसायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा जायला तयार नाही. मी भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी एवढंच बोलला, "नित्याला कळवू नको. मागं माझा पाय मोडला तवा आला, तं हातचं काम गेलं त्याचं. आता नको." माझ्याकडून शब्द घेतला, आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून.

चार दिवस मी तो शब्द पाळला. पाळला जात नाही रे. तुझी नोकरी मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या पैशांवरच माझं डी.एड. झालं. पण जून संपला की श्रावण किती लांब? तेव्हा घळीत पाणी असेल, आणि मागे फडका धरायला कोणी नसलं तरी तो निघेल. त्याला तू ओळखतोस.

पाडवा झाला की आपला बोहाडा आहे. बाबा म्हणतो, मुखवट्यात तसंही कुणालाच दिसत नाही, मी नाचवणार. त्या रात्रीपुरता ये. सोंग उतरलं की सकाळच्या गाडीने त्याला ठाण्याला घेऊन जा. तू हात धरलास तर तो नाही म्हणणार नाही. साहेबाला काय सांगायचं ते तू ठरव, आणि मला काय बोलायचं ते बाबा बोलेलच. ऐकून घेईन.

जपून राहा, वेळेवर जेव.

तू येईपर्यंत टोक धरून उभी असलेली,
तुझी ताई
हर्षदा