मडमेचं माहेर

४ जानेवारी ७६, कराड
ब्रॅकेट पुन्हा तुटला. कटरचा दांडा ज्याच्या आधारानं फिरतो तो हात. दोनदा वेल्डिंग केलं, पण हे ओतीव बीड, सांधा धरत नाही. मिलिंग मशीन बंद.
कोयनानगरच्या लिलावात घेतली तेव्हापासून पाच वर्षं चालली ही मशीन. अंगावर कुठं नाव नाही. टर्नर शामराव पहिल्याच दिवशी म्हणाला, "इंग्लंडची हाय, आण्णा. चाल बघा कशी." तेव्हापासून आम्ही तिला मडम म्हणतो.
शा.ला पुण्याच्या कारखान्याचं पत्र आलंय. आज दाखवलं. "होळीपातुर थांबतो. मडम चालली न्हाई तर जातो. नुसत्या लेथवर मन लागत न्हाई माजं." शेड टाकली त्या दिवसापासून हा माझ्यासोबत. काय बोलणार.
कंपनीचं नाव कळलं तर मूळचा ब्रॅकेट मागवता येईल.

७ जाने.
रॉकेल लावून रंग खरवडला. वर हिरवा, खाली करडा, त्याखाली लाल, मग पुट्टीचा थर. अक्षर नाही. पाटीच्या स्क्रूची भोकंसुद्धा नाहीत. म्हणजे पाटी कधी नव्हतीच?
जेवण झाल्यावर तिच्या पायाशीच पोतं टाकून पडलो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप तिच्या टेबलावर, हळूहळू सरकत होती. डोळा लागला. कोणीतरी पाठमोरा माणूस टेबल घासत बसलेला, संथ, विळीवर काहीतरी चिरत बसल्यासारखा. हाक मारावी तर कोणत्या नावानं? जागा झालो तर तिरीप भिंतीवर.

११ जाने. रवि.
सांगली. गणपती पेठेतल्या मशीनरीवाल्याकडे जुनं इंग्रजी कॅटलॉग. पान उलटलं आणि मडमच समोर! तोच खांब, तोच वाकलेला हात. मापांसकट. व्यापारी म्हणाला, "मापं जुळवून बघा, मग मुंबईला लिहू." कॅटलॉग आठ दिवस दिलं.
येताना एस.टी.त ते मांडीवर. उसाला तुरे आलेत, दोन्ही बाजूंना पांढरं पांढरं, गाडी ढगातून चालल्यासारखी. इंग्लंडात कोणी गोरा हे खांब ओतत असेल, बाहेर धुकं असेल, असं काहीबाही. कराड कधी आलं कळलं नाही.

१२ जाने.
मापं जुळत नाहीत. खांब पुस्तकात चार फूट, आमचा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, कमी. बैठक दोन फूट, आमची दोन सूत कमी. तीनदा टेप लावला.
शा.नं आकडे बोटांवर मोजले. मग एकदम हसला. "आवं आण्णा, फुटामागं एक सूत! वतलेलं बीड थंड झालं की तेवढंच आकसतं. कुनीतरी खरी मडम मातीत दाबून तिच्यावरनं ही वतली. नक्कल हाय ही."
मला हसू आलं नाही. वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात इंग्रजी मशीनवर काढली. पाच वर्षं येईल त्याला हौसेनं सांगत होतो, विलायती आहे म्हणून.
रात्री बायको, मालन, म्हणाली, "नक्कल आसंना. काम तर खरंच केलं का न्हाई तिनं?" जेवण गेलं नाही.

१८ जाने. रवि.
कॅटलॉग परत द्यायला सांगली. व्यापाऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बाहेरचा माल येत नव्हता तेव्हा नदीकडे एक शेड होती, तिथं असलं काम चालायचं. त्यातले बाबालाल तेवढे आहेत, खणभागात.
गेलो. सत्तरीपुढचे. भट्टीकडे बघून बघून नजर गेलेली. लेकीनं चहा दिला.
"दुरुस्तीला आल्यालं मशीन. म्हैनाभर हुतं आमच्याकडं. खोललं, एकेक तुकडा मातीत दाबला, परत जोडून धाडून दिलं. मग तीन वतल्या आमी."
पाटी का नाही लावली?
"मालक म्हनाला, इंग्रजाचं नाव लावलं तर खोटं, आपलं लावलं तर घेनार कोन?" जरा थांबून, "चालती अजून?"
हात मोडलाय म्हटलं, मिळत नाही कुठं.
"मग वता की! आमी अख्खी वतली, तुमास्नी एक हात वतवंना?"
लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं. परतताना नदीवर ऊन उतरलं होतं. मडम सांगलीची. मोठ्यानं म्हणून बघितलं, शेजारचा प्रवासी बघायला लागला.

२७ जाने.
शा.नं तुटके तुकडे जुळवून साच्यात दाबायला सागवानी फरमा केला. ह्या खेपेला फुटामागं सूतभर वाढवूनच. दोन दिवस त्याला हाक ऐकू येत नव्हती. भुसा भुवयांवर. संध्याकाळी गावातल्या ओतशाळेत ओतकाम. बीड साच्यात उतरताना दोघं बघत उभे. नारिंगी, दाट. काकवी पडावी तसं.

६ फेब्रु.
ब्रॅकेट बसला. बाबालालना निरोप धाडला होता, लेकीला घेऊन आले. मडमेसमोर उभे राहिले, मग हात लावला. खांबावरून, बैठकीवरून, पार मागं वळून. "खांब माझा. हितं माती ढासळल्याली, ह्यो फुगवटा बघा." टेबलावर हात आला तसे थांबले.
"हे घासल्यालं माझं न्हाई. म्हसवडचा एक हुता, सिदू. फिटर. दोन दोन दिस एक टेबल घासून सपाट करायचा. मी वतायचो ते नुसतं बीड. मशीन त्यानं केली."
पुरं नाव?
"सिदूच म्हनायचो."
शा.नं चालू केली. एकसारखा आवाज. बाबालाल डोळे मिटून खुर्चीत, तास झाला तरी उठेनात. शा. पुण्याचं काही बोलला नाही.
गाडीत बसताना बाबालालनी माझा हात धरला. "सिदू सापडला तर हितं आना, मला बलवा. न्हाई सापडला तर कळवू नगा."
बरं म्हटलं.
म्हसवडच्या देवाचंच नाव, तिथं घरटी एक सिदू असणार. परवा जाऊन बघतो.