कोल्हीण खरं काय म्हणाली

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. ताश्कंदमध्ये कार्टून सिनेमांचे उझबेक संवाद लिहिणारे ढीगभर आहेत. बोलण्याच्या पोटातला अर्थ कळणारा मी एकटा. नव्या सिनेमात कोल्हीण अस्वलाला विचारते, तुझ्या गुहेत वारा येत नाही ना? डायरेक्टर बोतिर-आकांना ती हवेची चौकशी वाटली. धन्य! अहो, तिला राहायला यायचंय.

४ मार्च
कोल्हिणीचा आवाज मोहिनूरचा. रेकॉर्डिंगनंतर घरी सोडतो म्हणालो. मेट्रो जवळच आहे म्हणाली. म्हणजे मेट्रोपर्यंत चला. गेलो. वाटभर फोनवर बोलत होती. लाजाळू आहे.

८ मार्च, महिला दिन
स्टुडिओतल्या सगळ्यांना एकेक फूल, तिला गुच्छ. तिनं तो सफाईवाल्या बाईंना देऊन टाकला. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. हुशार.

११ मार्च
मला 'आका' म्हणते. थोरला भाऊ झालास, असं बोतिर-आका हसत म्हणाले. आपल्याकडे बायका नवऱ्यालाही आकाच म्हणतात, हे यांना कोण सांगणार?

१५ मार्च
आईला मागणी घालायला पाठवलं. स्वतः हॉल बघून आलो.

संध्याकाळ
आई परत आली. मुलगी लहान आहे, शिकायचंय, असं तिकडून सांगितलं म्हणे. मोहिनूर एकतीस वर्षांची आहे. म्हणजे भाव खातायत.

आई म्हणाली, "बाळा, चहाचा प्याला काठोकाठ भरून दिला. आपलं नान न मोडता परत केलं. आता झाडू घेऊन मागे लागायचं तेवढं राहिलं होतं."

पाहुण्याला अर्धाच प्याला द्यायचा, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. भरलेला म्हणजे प्या आणि निघा. नान मोडलं तर सोयरीक पक्की. मलाही माहीत आहे. पण हे नियम परक्यांसाठी. आईला तहान लागली असेल, वाटेत भूक लागेल, म्हणून दिलं. केवढी माया!

आईला यातलं काही कळत नाही. उद्या स्वतःच विचारतो.

१६ मार्च
विचारलं. मोहिनूरनं हेडफोन काढून ठेवला.

"आका, मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. कधीच नाही."

घरी येऊन वाक्य कागदावर लिहिलं. उलटसुलट वाचलं. पोटात काही सापडेना. इतकं सरळ आमच्या सिनेमात कुणी बोलत नाही. मी बोलूच देत नाही. फार रडलो.

आईनं दाराबाहेरून विचारलं, सर्दी झालीय का?

हो म्हणालो.